दोन कार्डांचा पाहुणा

‘मोबाईलची कंपनी चांगली कोणती?’ या प्रश्नाइतका निरर्थक प्रश्न हल्ली आमच्या मराठवाड्यात दुसरा नाही. आणि मौज अशी की, इतक्या वेळा विचारला जाणारा प्रश्नही दुसरा नाही. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटपाशी मोबाईलच्या दुकानांची दाटी आहे. तिथे घटकाभर उभे राहावे. गंगापूरचा कास्तकार येतो, वाळूजच्या कारखान्यातला कामगार येतो, लेकीला होस्टेलात पोचवायला आलेली सिल्लोडची माउली येते, आणि सगळी मंडळी काउंटरवर कोपर टेकून हेच विचारतात. दुकानदार गालातल्या गालात हसतो नि त्या आठवड्यात ज्या कार्डावर त्याला चार पैसे अधिक सुटत असतील त्याचे नाव सांगतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्नच चुकीचा असला म्हणजे उत्तर कोणतेही चालते, हे आम्हा मास्तर लोकांना पेपर तपासताना पुष्कळदा पटलेले असते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. लहरींचे शास्त्र मला कोणी कॉलेजात शिकवलेले नाही. घर शहरात आणि शाळा कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराला पाठ लावून बसलेल्या एका गावात, अशी माझी वर्षानुवर्षांची येरझार आहे. या येरझारीत जे कळले ते असे: क्रांती चौकात चारही कंपन्या कुबेर आहेत आणि गौताळ्याच्या घळीत चारही भिकारी आहेत. मधल्या मुलखात एका वाडीत एक कंपनी बोलते, ओढा ओलांडला की ती मुकी होते नि दुसरी बोलू लागते. तेव्हा चांगली किंवा वाईट असते ती जागा; कंपनी नव्हे. आणि माणूस तर एका जागी बसून राहत नाही. म्हणून तो काय करतो? फोनमध्ये दोन कार्डे घालतो. एक गावाचे, एक शहराचे.

दोन कार्डांचा फोन ही सोय आहे असे आपण मानतो. माझ्या मते तो एक कबुलीजबाब आहे. आमचे जाळे फाटके आहे, हे कंपन्यांनी कधी कबूल केलेले नाही; परंतु आपण आपल्या खिशात ती कबुली घेऊन हिंडतो आणि वर तिचे पैसेही भरतो. किती भरतो? जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हाचे आकडे माझ्या वहीत आहेत. अठ्ठावीस दिवसांचा साधा हप्ता जिओचा १८९ रुपये, एअरटेलचा नि व्हीआयचा १९९ रुपये. दोन कार्डे म्हणजे ३८८. आता वर्षाचे बारा महिने धरून गुणाकार करणारा विद्यार्थी माझ्या वर्गात नापास होईल, कारण अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाला तेरा हप्ते बसतात. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट! आपल्या पंचांगकर्त्यांचा अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो. कंपन्यांचा दरसाल येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये निदान एक तरी हप्ता तीस दिवसांचा ठेवा असे फर्मान काढले, तेव्हा कंपन्यांनी एकेक तसा हप्ता ठेवला, आणि बाकीची जत्रा अठ्ठावीस दिवसांचीच चालू ठेवली. तर ३८८ गुणिले तेरा, म्हणजे ५,०४४ रुपये. ज्याच्या घरी तीन फोन आहेत त्या शेतकऱ्याने याला तिनाने गुणावे. पुढचे मी सांगत नाही. सणासुदीचे दिवस आहेत.

आणि हे सगळे करून ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण काही खोटी ठरत नाही. शहराचे कार्ड गावात निजते, गावाचे कार्ड शहरात रांगते, आणि औट्रम घाटात, जिथे ट्रक आडवा होऊन तासन्‌तास वाट बंद पडते आणि घरी कळवण्याची खरी निकड असते, तिथल्या वळणांवर माझी दोन्ही कार्डे एकमेकांकडे पाहत बसतात.

कुणी म्हणेल, मास्तर, कृतघ्न होऊ नका. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीच्या सुखराम यांच्याशी भारतातले पहिले मोबाईल संभाषण केले, तेव्हा मिनिटाला सोळा-सोळा रुपये पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. आज फुकटात बोलता की! बरोबर आहे. येणारा फोन १ मे २००३ पासून फुकट झाला, २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदावर आकारणी सुरू केली, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली तेव्हा बोलण्याला वेगळा दरच उरला नाही. स्पर्धेने हे केले, यात वाद नाही. परंतु स्पर्धेने स्वस्त केले ते बोलणे. पोचणे नाही. या दोन गोष्टींची गल्लत आपण तीस वर्षे करीत आलो आहोत. आणि स्पर्धाही कशी? एअरसेल बुडाली, रिलायन्स कम्युनिकेशन्स बुडाली, टाटांची टेलिफोनी एअरटेलच्या पोटात गेली, व्होडाफोन आणि आयडिया यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये एकमेकींच्या गळ्यात हात टाकले. डझनभर दुकानांच्या पेठेत आता चार उरली आहेत, त्यातले एक सरकारी. त्याच २०१८ च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ म्हणून विकलेल्या कार्डांवरही दरमहा किमान भरणा करावा लागेल असे दोन कंपन्यांनी जाहीर केले. लाइफटाइम म्हणजे कोणाचे लाइफ, हे त्या कार्डांच्या पाकिटावर लिहिलेले नव्हते.

आता पोचण्याचे शास्त्र. ते अवघड नाही. आपल्या गावच्या जत्रेत ते रोज वाजते. पालखी दोन कोस लांब असली तरी ढोलाचा घुमारा ऐकू येतो. झांजेचा आवाज मात्र पालखी वेशीत आल्यावरच कानी पडतो. खर्जातला नाद लांब जातो, भिंत ओलांडतो, टेकाडाला वळसा घालतो. तारस्वरातला जवळपास झणझणतो आणि विरतो. मोबाईलच्या लहरींचे असेच आहे. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी म्हणजे ढोल. १८००, २१००, २३०० म्हणजे मधला स्वर. आणि फाइव्ह-जीची मुख्य मदार ज्या ३३०० च्या पुढच्या लहरींवर आहे, ती निव्वळ झांज. झांजेवर माहिती मावते पुष्कळ. पण ती पोचते थोडकी. म्हणून शहरात, जिथे दर दोन-चार गल्ल्यांआड टॉवर आहे, तिथे झांज उत्तम. डोंगरात ढोलच हवा.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जीचे उद्‌घाटन झाले. जिओने त्यासाठी अगदी नवे, स्वतंत्र यंत्र मांडले. एअरटेलने जुन्या फोर-जीच्या इंजिनालाच नवा डबा जोडून सुरुवात केली. यात श्रेष्ठ कोण, यावर शहरातली तरुण मंडळी चहाच्या टपरीवर हिरिरीने भांडतात. भांडोत बापडी. माझ्या शाळेच्या गावात या वादाला क्रिकेटच्या सामन्याइतकेही महत्त्व नाही. तिथे महत्त्वाचा भेद निराळाच आहे. जिओने टू-जीचे जाळे कधी उभारलेच नाही. तिचे बोलणेसुद्धा फोर-जीवरून चालते. फोर-जी पोचली नाही की जिओचा फोन म्हणजे आरसा. एअरटेलने थ्री-जी मोडली पण टू-जी ठेवली. व्हीआय आणि बीएसएनएल यांनीही टू-जी ठेवली. म्हणून बटणांचा जुना फोन घेऊन बांधावर बसलेला म्हातारा त्या जुन्या लहरीवर लेकाशी बोलतो, आणि त्याचा नातू वीस हजारांचा फोन हातात धरून ‘आजोबा, जरा द्या ना तुमचा’ म्हणतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. विज्ञानाच्या पुस्तकात हा प्रसंग छापत नाहीत.

शहरवासीयांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर नको म्हणून सह्यांची मोहीम काढायची, आणि संध्याकाळी त्याच गच्चीवर ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही’ म्हणून ओरडायचे, ही सिडकोतली रीत मला कळत नाही. टॉवरच्या किरणोत्साराची मर्यादा भारत सरकारने सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली आहे. चिमण्या नाहीशा झाल्या त्याही टॉवरमुळेच म्हणे. चिमणीला घरटे बांधायला वळचण ठेवली नाहीत, अंगणात दाणे वाळत घालणे सोडलेत, ते नाही का कुणाला आठवत!

असो. मी मुद्द्यावर येतो.

मागे एकदा मी एका कंपनीच्या सेवाकेंद्रात तक्रार घेऊन गेलो. कंपनीचे नाव घेत नाही. चौघींपैकी कुठलीही चालेल. टेबलामागच्या मुलीने नम्रपणे संगणकात पाहिले आणि म्हणाली, ‘‘सर, तुमचं गाव कव्हर्ड दाखवतंय.’’ मी म्हटले, ‘‘पोरी, दाखवतंय, पण बोलत नाही.’’ ती बिचारी काय करणार? तिला नकाशावर जे रंगवून दिले होते तेच तिने वाचले. असे नकाशे सर्व कंपन्यांनी लोकांपुढे मांडलेच पाहिजेत, असा नियम ट्रायने २०२४ मध्ये केला. नियम चांगला आहे. पण हा नकाशा रंगवायचा कोणी? कंपनीनेच. विद्यार्थ्याने आपला पेपर आपणच तपासावा, अशी ही पद्धत आहे.

म्हणून मी सातवीच्या मुलांना एक गृहपाठ दिला. आमच्या गावात ‘रेंज’ म्हणत नाहीत, ‘टावर’ म्हणतात. ‘गावात टावर कुठंकुठं येतो, त्याचा नकाशा काढा,’ असे सांगितले. आठ दिवस पोरे घरातले फोन घेऊन हिंडली. जो नकाशा आला तो मी जपून ठेवला आहे. मारुतीचा पार: दोन काड्या. पाण्याच्या टाकीची शिडी: सहाव्या पायरीपासून पुढे, तीन काड्या. शाळेच्या मागचा उकिरडा: एक काडी, सकाळी. खालची आळी: नाही. दवाखान्याची खोली: नाही, ओट्यावर आले तर एक. नदीकाठची शेते: नाही, नाही, नाही. नकाशाच्या कोपऱ्यात एका मुलीने आपल्या मनाने टीप लिहिली होती, ‘लाईट गेल्यावर दोन तासांनी कुठंच नाही.’ टॉवरची बॅटरी संपते, हे शास्त्र तिला कोणी शिकवलेले नव्हते.

गाव आणि शिवार यांतला हा फरक शहरातल्या हिशेबनिसांना उमगत नाही. गावठाणात लहर पोचली की गाव ‘झाले’. मग अमुक टक्के लोकसंख्या व्यापली, असा आकडा छापून येतो. पण शेतकरी दिवसभर गावठाणात बसलेला असतो का? १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात उभे राहावे, मोबाईलवर पिकाचे चित्र घ्यावे, आणि ते सरकारदरबारी धाडावे. कल्पना वाईट नाही; तलाठ्याने चावडीत बसून पीक पाहण्यापेक्षा बरीच बरी. परंतु चित्र शेतात काढले तरी ते धाडायला शेवटी लहर लागते. ती न मिळाली तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही, आणि अतिवृष्टीत कापूस काळा पडला तरी कागदोपत्री तिथे कापूस नव्हताच! १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी कामाच्या जागेवरून मोबाईलने घेणे सक्तीचे झाले. रेशनच्या दुकानात अंगठा यंत्रावर, आणि यंत्राला लहर हवी. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना आपली ओळख पुन्हा पटवावी लागली, तीही मोबाईलवर येणाऱ्या आकड्याने. तो आकडा काही मिनिटेच जिवंत असतो. आमच्याकडे फोन टेकडीवर आणि संगणक खाली केंद्रात. वरून पोरगा आकडा ओरडत पळत येतो, तोवर आकडा मेलेला असतो. गावातली एक म्हातारी मला विचारते, ‘‘गुरुजी, टावर कव्हा यील?’’ जणू पाऊसच! तिच्या दृष्टीने दोहोंत फरक नाहीच. दोन्ही वरून येतात, दोन्ही आपल्या हाती नाहीत.

करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, शाळा मोबाईलवर भरू लागल्या तेव्हा सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने डोंगरावर झोपडी घालून अभ्यास केला. सगळ्या वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले. मीही केले. पण त्या मुलीला पावसात डोंगरावर का बसावे लागले, हा प्रश्न कौतुकाच्या फुलांखाली झाकून गेला, त्याचा मला आजही राग आहे.

माझी मागणी एका वाक्याची आहे. शहरांबाहेर, ज्या ठिकाणी कोणत्याही एका कंपनीची लहर पोचते, त्या ठिकाणी चारही कंपन्यांची कार्डे चालली पाहिजेत.

‘हे शक्य नाही, तांत्रिक अडचणी असतात,’ असे म्हणणारे गृहस्थ मला भेटतात. त्यांना मी अजिंठ्याला चला म्हणतो. वाघूर नदीच्या त्या नालेच्या आकाराच्या दरीत फ्रान्सहून वा जपानहून पाहुणा येतो. त्याच्या खिशातले कार्ड परदेशी. करार असलेल्या आमच्या कंपन्यांपैकी जिची लहर सापडेल तिला तो फोन चिकटतो. एक गेली तर दुसरी धरतो. आणि त्याला लेणी दाखवणारा फर्दापूरचा माणूस, जो याच देशाचा नागरिक आहे, तो आपल्या एकुलत्या कंपनीची वाट पाहत बसतो. पाहुण्याला सगळी घरे मोकळी आणि घरच्याला एकच दार! दुसरा पुरावा हवा? जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातवर आले, ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना वादळ ओडिशावर आले. दोन्ही वेळा सरकारने हुकूम काढला, कुठलेही कार्ड कुठल्याही जाळ्यावर चालू द्या. चालले. वादळ गेले, हुकूम गेला. ११२ हा संकटाचा क्रमांक तर मिळेल त्या कंपनीची लहर आजही धरतो. म्हणजे घरात चोर शिरला तर सगळ्यांचे जाळे आपले. कापसाचा भाव विचारायचा तर नाही.

कंपन्या एकमेकींचे काही वापरीत नाहीत असेही नाही. एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी २००७ मध्ये मिळून ‘इंडस टॉवर्स’ ही कंपनी काढली. लोखंड एकच, भाडे वाटून. लहरीही वाटून घेता येतात, हे या तिघींना चांगले ठाऊक होते. २०१० च्या लिलावात थ्री-जीच्या लहरी ६७,७१९ कोटींना गेल्या. कोणालाच सगळा देश मिळाला नाही. तेव्हा या तिघींनी आपसात करार करून एकमेकींच्या जाळ्यावर आपली गिऱ्हाइके बोलती ठेवली. सरकारने हरकत घेतली, दंड ठोठावला. कंपन्या न्यायाधिकरणात गेल्या आणि एप्रिल २०१४ मध्ये जिंकून आल्या. त्या दिवशी लहर वाटून घेणे हा कंपन्यांचा हक्क ठरला. मग औट्रम घाटात अडकलेल्या प्रवाशाच्या वेळी ती तांत्रिक अडचण कशी होते?

विरुद्ध बाजूचा एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे, तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑस्ट्रेलिया हा विस्तीर्ण आणि विरळ वस्तीचा देश. तिथल्या स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये नेमकी हीच मागणी फेटाळली. दुसऱ्याचा टॉवर वापरायला मिळणार असेल तर स्वतःचा टॉवर कोण कशाला उभारील, असा त्यांचा विचार. तर्क बिनचूक आहे, पण तो तिथे लागू पडतो जिथे स्पर्धेपोटी कोणी टॉवर उभारीत असते. आमच्या डोंगरात कोण उभारतो? २०२२ च्या जुलैत केंद्राने २४,६८० वंचित गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले आणि काम बीएसएनएलवर सोपवले. स्पर्धा नेणार होती तर इतकी गावे सत्तावीस वर्षांत मागे कशी राहिली? खासगी कंपन्यांना दिलेल्या परवान्यांत अट काय होती, तर पहिल्या वर्षी दहा टक्के आणि तीन वर्षांत पन्नास टक्के जिल्ह्यांची मुख्य ठाणी. तीही नको असतील तर त्याच जिल्ह्यातले दुसरे एखादे शहर. म्हणजे निम्मे जिल्हे परवान्याच्या अटीतच सुटले. परिमंडळ तर केवढे! मुंबई वेगळी काढून उरलेला सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा. पुण्यात आणि पणजीत चांगले गुण मिळवले की सोयगावचे शून्य सरासरीत बुडून जाते. सोयगाव तालुका अजिंठ्याच्या रांगेपलीकडे, घाट उतरून जायचे. तिथे जाऊन शून्य मोजायला तरी कोण जातो?

ब्रिटनने २०२० मध्ये निराळी वाट धरली. तिथल्या चार कंपन्या आणि सरकार यांनी मिळून सुमारे शंभर कोटी पौंडांची योजना केली, टॉवर वाटून घ्यायचे ठरवले, आणि लक्ष्य काय ठेवले? माणसांच्या पंच्याण्णव टक्के नव्हे, भूमीच्या पंच्याण्णव टक्के. डोकी मोजली नाहीत, जमीन मोजली. स्कॉटलंडच्या मेंढपाळाला जे कळते ते आमच्या गौताळ्याच्या गुराख्याला सांगायला नको.

पाहुण्या जाळ्याचे पैसे कसे चुकते करायचे, हाही प्रश्न कंपन्यांना नवा नाही. एकीचा फोन दुसरीकडे गेला की मिनिटाला चौदा पैसे, २०१७ पासून सहा पैसे, असा हिशेब त्या वर्षानुवर्षे आपसात करीत होत्या. १ जानेवारी २०२१ पासून तो शून्यावर आला. वही तयार आहे, फक्त नवे पान उघडायचे आहे. ज्याचा टॉवर त्याला मिनिटामागे मोबदला द्या. गर्दीच्या शहरात नको, तिथे कुस्ती चालू राहू दे. पण जिथे आखाड्यात एकच पैलवान आहे तिथे कुस्ती कसली?

आणि सरकारने हे तत्त्व मान्य केलेलेच आहे! १७ जानेवारी २०२५ रोजी ‘डिजिटल भारत निधी’तून उभारलेल्या सत्तावीस हजारांहून अधिक टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांची कार्डे एकमेकांच्या लहरीवर चालतील अशी व्यवस्था सुरू झाली. हा निधी कोणाचा? कंपन्यांच्या हिशेबातील उत्पन्नाचे पाच टक्के त्यात जातात, आणि ते उत्पन्न म्हणजे आपले हप्ते. माझ्या त्या ५,०४४ रुपयांतूनही त्यात काही थेंब पडले असतील. मग हे तत्त्व त्या टॉवरांपाशीच का थांबावे? रस्ता सरकारी पैशाने झाला तर त्यावर सगळ्यांची गाडी चालते. पण लहर तर मुळात सगळीच सरकारी. कंपनी ती लिलावात वीस वर्षांसाठी घेते. २०२२ चा लिलाव १,५०,१७३ कोटींचा झाला. त्यात ७०० ची लहर, म्हणजे डोंगर ओलांडणारा ढोल, खासगी कंपन्यांपैकी एकट्या जिओने घेतली. घेवो. पण लहरीची मालकी प्रजेची आहे, आणि भाडेकरूला अट घालण्याचा मालकाला हक्क असतो.

कंपन्यांना भीड पडत नसेल तर सरकारने आपल्या घरापासून आरंभ करावा. बीएसएनएल पूर्ण सरकारी. एअरटेलने कलकत्त्यात फोर-जी आणली एप्रिल २०१२ मध्ये. बीएसएनएलची स्वदेशी फोर-जी ओडिशातल्या झारसुगुड्याहून देशाला अर्पण झाली २७ सप्टेंबर २०२५ रोजी. तेरा वर्षांचा उशीर! तरीही मला तिचा अभिमान आहे. तिचा गाभा सी-डॉटने रचला, आणि हीच ती १९८४ ची संस्था, जिने वातानुकूलनावाचून खेड्यात चालणारे टेलिफोन एक्स्चेंज करून १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसवले. त्या अभियंत्यांनी खेड्यातले ऊन आणि धूळ आधी विचारात घेतली, यंत्र मागाहून केले. आता बीएसएनएलच्या हजारो टॉवरांवर फोर-जी आहे. आणि दुसरी कंपनी? व्हीआयचे सरकारदेणे भागेना, म्हणून ते भागभांडवलात वळवून एप्रिल २०२५ मध्ये त्या कंपनीतला सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्के झाला. म्हणजे चारांतले एक दुकान संपूर्ण सरकारचे आणि दुसरे जवळजवळ निम्मे. या दोहोंची कार्डे एकमेकींच्या टॉवरवर चालू द्यायला कोणाची परवानगी आणायची आहे?

एक कादंबरीकार म्हणून माझा यात तोटाच आहे, हे कबूल करतो. मोबाईल आल्यापासून आमच्या धंद्याची मोठी पंचाईत झाली. नायक-नायिकेची चुकामूक होत नाही, पत्र दुसऱ्याच्या हाती पडत नाही, स्टेशनावर कोणी वाट पाहत ताटकळत नाही. एक फोन केला की कथानक संपले. त्यातल्या त्यात कन्नड-सोयगावच्या पात्रांचा मला आधार होता. त्यांना दरीत पाठवले की अजून चांगली पाच-सहा प्रकरणे निभावतात. तेही जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांचे गाव डोंगराकाठी असेल त्यांनी या सुटीत माझ्या सातवीच्या मुलांसारखा एक नकाशा काढावा. पार, टाकी, दवाखाना, शिवार. प्रत्येक जागी चारही कार्डांच्या काड्या. एक प्रत ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी आणि दुसरी आपल्या खासदाराच्या हाती द्यावी, म्हणजे संसदेत प्रश्न विचारताना त्यांना ‘आमच्या भागात नेटवर्क नाही’ एवढ्यावर थांबावे लागणार नाही.